ट्रेलरचे दिवे लागत नसतील तर आधी पांढरी वायर बघा

गणपती जवळ आले की ह्यूस्टनच्या आमच्या भागात मखर, स्पीकर आणि टेबलं स्टोरेजमधून हॉलवर न्यायला ट्रेलर लागतो. काम येतं नुकताच पिकअप घेतलेल्या मुलांवर, आणि दरवर्षी एक तरी फोन येतोच: "काका, ट्रकचे दिवे लागतात, ट्रेलरचे लागत नाहीत."

ट्रकचे लागतात म्हणून ट्रेलरला करंट जातोय असं समजू नका. बऱ्याच पिकअपमध्ये ट्रेलरचे फ्यूज वेगळे असतात. बॉनेटखालच्या डब्याच्या झाकणावर नकाशा असतो, तो वाचा. उडालेला असेल तर तेवढ्याच अँपिअरचा घाला.

रंग पाठ करा. चार पिनांच्या चपट्या प्लगमध्ये पांढरी अर्थ (करंट परत जायची वायर), तपकिरी मागच्या दिव्यांची, पिवळी डावीकडची, हिरवी उजवीकडची. ब्रेकची वेगळी वायर शोधत बसू नका. इथल्या साध्या ट्रेलरवर ब्रेक आणि इंडिकेटर एकाच लाल दिव्यात असतात. ब्रेक दाबून डावा इंडिकेटर दिला की डावा उघडझाप करतो आणि उजवा स्थिर राहतो. आपल्याकडच्या पिवळ्या इंडिकेटरची सवय असलेल्या मुलांना हाच बिघाड वाटतो.

आता पांढरी वायर. हिच्यापायी माझे ३८० डॉलर गेले. दिवे मंद लागायचे, इंडिकेटर दिला की दोन्ही बाजू फडफडायच्या. एका गॅरेजवाल्याने ट्रेलरचं सगळं वायरिंग आणि दोन्ही दिवे बदलले. आठवड्यात पुन्हा तेच. शेवटी मी स्वतः ट्रकखाली आडवा झालो, तर बंपरमागे पांढऱ्या वायरचा स्क्रू गंजून पत्र्यापासून सुटत आलेला. हाताने फिरत होता. सँडपेपरने पत्रा चकचकीत होईपर्यंत घासला, नवीन गोल टर्मिनल लावलं, वरून ग्रीस. अर्ध्या तासाचं काम होतं.

म्हणून काहीही विकत घेण्याआधी साधा टेस्ट लॅम्प घ्या, म्हणजे एका बाजूला चिमटा, दुसऱ्या बाजूला टोक आणि करंट आला की लागणारा छोटा दिवा. ट्रेलर सोडवा, ट्रकचे दिवे लावा. ट्रकच्या प्लगमध्ये तीन पिना रबरात लपलेल्या असतात, एक उघडी असते. ती उघडी पिन म्हणजे अर्थ. लॅम्पचा चिमटा तिला लावा आणि टोक तपकिरीच्या भोकात घाला. लागला नाही, तर चिमटा काढून ट्रकच्या चेसीवर रंग नसलेल्या लोखंडाला लावा. आता लागला, तर दोष ट्रकच्या अर्थमध्येच आहे. दोन्हीकडे लागत नसेल तर फ्यूजकडे परत जा. एकाला ब्रेक दाबायला, इंडिकेटर द्यायला बसवून पिवळी-हिरवीही अशीच बघा.

ट्रक ठीक निघाला तर ट्रेलरच्या पुढच्या दांड्यावरचा पांढऱ्या वायरचा स्क्रू बघा. नवीन ट्रेलरवरही तो कधी कधी रंगावरच आवळलेला असतो. आणि खड्ड्यात गेलं की दिवे जातात-येतात, असं होत असेल तर अर्थ वायरमधून नाही, हिचच्या बॉलमधून, म्हणजे ट्रेलर ज्यावर अडकतो त्या ट्रकमागच्या लोखंडी गोळ्यातून, मिळतोय. बॉलला ग्रीस लावलं की तोही जातो. पांढरी वायर नीट करा, बॉलच्या भरवशावर राहू नका. एकच दिवा बंद असेल तर आधी बल्ब आणि त्याचं होल्डर.

बोटीचा ट्रेलर असेल तर गॅल्व्हेस्टनच्या खाऱ्या पाण्यात उतरवण्याआधी प्लग काढा. गरम बल्ब पाण्यात तडकतो.

"दिवसाच तर जायचंय, चालतंय" हे आपल्या माणसांचं वाक्य मला अजिबात सहन होत नाही. आय-१० हायवेवर मागचा माणूस सत्तर मैलांनी येतो आणि त्याला फक्त तुमचा ब्रेकचा दिवा दिसतो. तो दिवसाही लागायलाच हवा. इथल्या लोकांचं मात्र कौतुक करतो: पार्किंगमध्ये प्लग हातात घेऊन उभे राहा, कोणीतरी अनोळखी माणूस टॉर्च घेऊन येतोच. लाजू नका, विचारा.

आमच्या मंडळाच्या स्टोरेजमध्ये दाराशेजारी निळा डबा आहे. त्यात टेस्ट लॅम्प, फ्यूज, सँडपेपर आणि दहा फूट वायर ठेवली आहे. मखर चढवण्याआधी तो उघडा.