पाखाडीवरचा वासुदेव जलरंगात रंगवताना

पाखाडीवरून, म्हणजे दगडी पायवाटेवरून, येणारा वासुदेव रंगवायला बसणाऱ्याची नजर आधी मोरपिसांच्या टोपीवर जाते आणि त्या निळ्या-हिरव्याच्या मोहात त्याचे वाजवणेच चित्रातून निसटते. म्हणून रेखाटनाला हातांपासून सुरुवात करावी. एक चिपळी अंगठ्यात आणि दुसरी बोटांत अडकवलेली असते; त्या एकमेकींवर आपटण्याच्या क्षणभर आधी दोहोंमध्ये जी फट दिसते, ती नेमकी पकडावी.

कागद ३०० जीएसएमचा (चौरस मीटरला ३०० ग्रॅम वजनाचा), कोल्ड प्रेस्ड म्हणजे किंचित खरबरीत आणि शक्य असल्यास सुती घ्यावा. कोकणातल्या पावसाळ्यात तो उघडा राहिला तर त्यावरची खळ, म्हणजे पाणी लगेच आत जाऊ न देणारा लेप, खराब होते आणि रंग टिपकागदावर पडावा तसा शोषला जातो, म्हणून तो प्लास्टिकच्या पिशवीत बंद करून ठेवावा.

पांढऱ्या अंगरख्याला पांढरा रंग लावू नये, कागदच कोरा सोडावा. घड्यांमधल्या सावलीसाठी अल्ट्रामरीन निळ्यामध्ये थोडा तांबूस तपकिरी बर्न्ट सिएना आणि भरपूर पाणी घालावे. सकाळच्या उन्हात मागच्या जांभ्याच्या गडग्याची, म्हणजे दगडी कुंपणभिंतीची, तांबूस झाक अंगरख्याच्या त्या बाजूवर पडते; सावली ओलसर असतानाच तिथे बर्न्ट सिएनाचा पातळ थेंब सोडला की ती आपोआप मिसळते. प्रकाश जलरंगात किती उबदार उतरू शकतो हे पाहायचे असेल, तर १८८२ साली सावंतवाडीत जन्मलेल्या सा. ल. हळदणकरांचे समई घेतलेल्या स्त्रीचे चित्र मन लावून पाहावे; ते म्हैसूरच्या जगनमोहन राजवाड्यात आहे.

अंगरखा पूर्ण सुकल्यावरच त्याच्या कडेने गडग्याचा गडद वॉश, म्हणजे पाणी घातलेल्या रंगाचा सपाट थर, द्यावा, म्हणजे पांढरा आपसूक उठून दिसतो. मागचे माड दोन-तीन फटकाऱ्यांत आटोपावेत.

आपल्या दमट हवेत वरून कोरडा दिसणारा कागद आतून ओला असतो, हे मला एका चित्राची किंमत मोजून कळले: खांदा सुकण्याआधीच मी टोपी रंगवली, थॅलो निळा अंगरख्यावर उतरला आणि तो रंग कागदात मुरणारा असल्याने पुसून निघालाच नाही. तेव्हापासून मी हाताची मागची बाजू कागदाला लावून पाहतो. कागद गार लागला, तर थांबतो.

टोपीला आधी निळसर हिरवा एकच वॉश द्यावा आणि समोरच्या तीन-चार पिसांचेच डोळे बारीक ब्रशने काढावेत. शेवटी चिपळ्यांना गडद तपकिरी रंग द्यावा, मात्र त्यांच्यामधली फट कोरीच राहू द्यावी.