रक्तदान करताना या चुका टाळा: सुई नडत नाही, लपवाछपवी नडते

आमच्या मंडळाच्या रक्तदान शिबिरात चहा-बिस्किटांचं टेबल गेली अकरा वर्षं माझ्याकडे आहे. मी डॉक्टर नाही, टेक्निशियनही नाही. सरबत ढवळायचं, पुडे फोडायचे आणि आलेल्या माणसाला खुर्चीत बसवायचं, एवढंच काम. पण या टेबलावरून जे दिसतं ते खाटेजवळ उभं राहून दिसत नाही. कारण भोवळ येणारा माणूस बहुतेक वेळा खाटेवर नसतोच. तो रक्त देऊन उठलेला असतो आणि "काका, मला काही होत नाही" म्हणत निघालेला असतो.

तीन वर्षांपूर्वी असाच एक पोरगा आला. व्यायामाचं शरीर, टी-शर्टाच्या बाह्या दंडावर ताणलेल्या. सरबत नको म्हणाला, पार्ले-जीचा पुडा खिशात कोंबला आणि गाडीकडे चालू लागला. जाता जाता त्याने लागोपाठ दोन जांभया दिल्या. ओठ बघितले तर पांढरे. हाक मारेपर्यंत हेल्मेट त्याच्या हातातून निसटलं आणि तो गाडीच्या आधाराने खाली बसला, मग आडवाच झाला. पाय उचलून खुर्चीवर ठेवले, दोन मिनिटांत डोळे उघडले. मग कळलं: रात्रपाळी करून आलेला, त्यात संकष्टीचा उपास, सकाळपासून फक्त चहा. फॉर्मवर "जेवण झालंय का?" पुढे त्याने 'हो' लिहिलं होतं, कारण मागे मित्र उभे होते.

सुईला घाबरणारी माणसं मी पुष्कळ बघितली. त्यातली जी "मला जाम भीती वाटते" असं तोंडाने सांगतात, त्यांचं सहसा नीट पार पडतं. त्रास होतो तो न सांगणाऱ्यांना.

भीती वाटते हे न सांगणं

चक्कर ही रक्त कमी झाल्यामुळेच येते असं नाही. शरीरात साधारण पाच लिटर रक्त असतं आणि त्यातून 350 किंवा 450 मिलिलिटर घेतात. पण भीतीने, वेदनेने किंवा नुसतं रक्त बघून नाडी मंदावते, पायांकडच्या रक्तवाहिन्या सैलावतात, रक्तदाब पडतो आणि मेंदूकडे रक्त कमी जातं. जांभया, कपाळावर गार घाम, मळमळ, कानात गूं आवाज, ही त्याची आधीची खूण. असं वाटलं की लाजू नका. जिथे असाल तिथे आडवे व्हा. जागा नसेल तर खाली बसून डोकं गुडघ्यांत घाला. उभ्याने पडलात तर भोवळीपेक्षा फरशीच जास्त लागते.

पहिल्यांदा देणारे, तरुण आणि कमी वजनाचे लोक यात जास्त सापडतात. तुम्ही त्यातले असाल तर तपासणाऱ्या डॉक्टरांना सरळ सांगा. ते तुम्हाला पंख्याखालची खाट देतात, बोलतं ठेवतात, नंतर जरा जास्त वेळ झोपवून ठेवतात. रक्त देण्याआधी अर्ध्या तासात दोन मोठे पेले पाणी प्या. खाटेवर असताना पाय एकावर एक टाकून मांड्या आणि पोटऱ्या आवळा, सोडा, पुन्हा आवळा. याने रक्तदाब टिकून राहतो. पिशवीकडे बघायचं नसेल तर बघू नका, कोणी परीक्षा घेत नाही. आणि मित्रांनो, शेजारच्या खाटेवरच्याचा व्हिडिओ काढत "बघ बघ, किती रक्त" म्हणणं बंद करा. एकाला भोवळ आली की रांगेतल्या आणखी दोघांचे चेहरे उतरतात, हे मी दर वर्षी बघतो.

उपाशी येणं, किंवा मिसळ हाणून येणं

आपल्याकडे शिबिरं नेमकी सणावाराला, जयंतीला, श्रावणात लागतात. त्या दिवशी निम्म्या गावाला उपास. उपास असेल तर त्या दिवशी देऊ नका, दुसऱ्या दिवशी रक्तकेंद्रात जाऊन द्या. हो, 'ब्लड बँके'चं सरकारी नाव 2020 पासून रक्तकेंद्र झालंय, रिक्षावाल्याला मात्र ब्लड बँकच सांगा.

जेवण आधीच्या चार तासांत झालेलं असावं. पोहे, उपमा, भाकरी-भाजी, वरण-भात काहीही चालेल. पण तर्रीदार मिसळ किंवा चार वडापाव खाऊन लगेच येऊ नका. तेलकट खाल्लं की रक्तातला पातळ भाग, म्हणजे प्लाझ्मा, दुधासारखा गढूळ दिसतो. त्याने तपासण्यांत अडथळा येतो आणि कधी कधी तो भाग टाकून द्यावा लागतो. आदल्या रात्री झोप झालेली हवी. दारू प्यायलेल्या माणसाचं रक्त घेत नाहीत. बडीशेप चघळून आलं तरी डॉक्टरांना कळतं.

हिमोग्लोबिन कमी निघालं म्हणून रुसणं

बोटाला टोचून रक्ताचा थेंब निळ्या पाण्यात सोडतात ते बघितलंय? ते पाणी म्हणजे मोरचुदाचं, म्हणजे कॉपर सल्फेटचं द्रावण. द्राक्षबागेत फवारणीच्या बोर्डो मिश्रणाला लागतो तोच मोरचूद, फक्त इथे तो नेमक्या घनतेचा असतो. थेंब सरळ तळाशी गेला तर हिमोग्लोबिन पुरेसं. मध्येच रेंगाळला किंवा वर आला तर कमी. मर्यादा 12.5 ग्रॅमची आहे, बाई असो की पुरुष. आता बऱ्याच ठिकाणी यंत्रावर आकडाच दिसतो, पण मला तो बुडणारा थेंब बघायला आवडतो.

इथून परत जाणाऱ्यांत बायका जास्त असतात. एक ताई तर रडवेल्या झाल्या होत्या: "सासूबाईंना सांगून आले होते हो, आता हसतील." हसण्यासारखं काही नाही. 12.5 च्या खाली निघालं म्हणून परत पाठवलं याचा अर्थ तुमचं रक्त 'खराब' असा होत नाही. आज दिलंत तर तुम्हाला त्रास होईल, एवढाच त्याचा अर्थ. डॉक्टरांना दाखवा, गरज असेल तर लोहाच्या गोळ्या घ्या. घरात हिरव्या पालेभाज्या, डाळी, आळीव आहेतच, वर लिंबू पिळा म्हणजे लोह अंगी लागतं. आणि जेवणाला लागून चहा पिऊ नका, तो लोह शोषू देत नाही. चहाच्या टेबलामागे बसून मी हे सांगतो म्हणून लोक हसतात, पण शिबिरात आम्ही सरबत आधी पुढे करतो ते यामुळेच.

पाळी चालू असेल तर ते दिवस जाऊ द्या. बाळंतपणाला वर्ष झालं नसेल किंवा बाळ अंगावर पीत असेल तर थांबा. वजन किमान 45 किलो हवं. 450 मिलिलिटरच्या पिशवीसाठी 55 च्या वर. वजनकाट्यावर खिशात मोबाईल, किल्ल्या ठेवून उभ्या राहिलेल्या कॉलेजच्या मुली मी बघितल्यात. हसू येतं, पण हे अंगाशी येणारं खोटं आहे.

फॉर्मवर खोटं लिहिणं

ही चूक सगळ्यात मोठी, आणि हिचा त्रास तुम्हाला होत नाही, दुसऱ्याला होतो.

लोक फॉर्मकडे परीक्षेच्या पेपरसारखं बघतात: सगळ्या 'नाही'वर टिक, पास. पण प्रत्येक प्रश्नामागे कारण आहे. मलेरिया बरा होऊन तीन महिने, डेंग्यूला सहा महिने, टायफॉईडला वर्ष व्हायला लागतं. जत्रेत गोंदवून घेतलं असेल, टॅटू काढला असेल, तरी वर्षभर थांबायचं. कुत्रा चावून रेबीजची लस घेतली असेल तरी वर्ष. दाढ काढली, अँटिबायोटिकचा कोर्स नुकताच संपला, हेही सांगायचं. बीपीच्या किंवा साखरेच्या गोळ्या चालू असल्या म्हणून दार कायमचं बंद होत नाही. साखर ताब्यात असेल, गेल्या चार आठवड्यांत गोळ्या बदलल्या नसतील, तर डॉक्टर तपासून ठरवतात. इन्सुलिन घेणाऱ्यांचं मात्र घेत नाहीत.

"पण रक्त तपासतातच ना?" हा प्रश्न दर शिबिरात येतो. तपासतात. प्रत्येक पिशवीची एचआयव्ही, कावीळ ब, कावीळ क, सिफिलिस आणि मलेरिया अशा पाच आजारांसाठी तपासणी होते. पण लागण झाल्यावर काही दिवस असे जातात की आजार रक्तात असतो आणि चाचणीत दिसत नाही. तेवढ्या दिवसांत फक्त तुमचं खरं बोलणं त्या रुग्णाला वाचवतं. म्हणूनच "चला, फुकटात एचआयव्हीची टेस्ट होईल" म्हणून शिबिरात येणं चुकीचं आहे. मनात शंका असेल तर सरकारी रुग्णालयातल्या समुपदेशन व चाचणी केंद्रात जा. तिथे चाचणी मोफत होते आणि गुप्त राहते.

खरी अडचण लोकलाजेची आहे. कंपनीत, कॉलेजात, मंडळात सगळे एका रांगेत, मागे साहेब किंवा शेजारी उभा. अशा वेळी रांगेतून बाहेर कसं पडायचं? मी उघड सांगतो: पोट बिघडलंय म्हणा आणि निघा. फॉर्मवर खोटं लिहिण्यापेक्षा मित्राशी मारलेली ही थाप परवडली. किंवा तपासणीच्या टेबलावर डॉक्टरांच्या कानात सांगा, "माझं घेऊ नका." ते कारण विचारत बसत नाहीत, "बीपी जरा जास्त आहे, पुढच्या वेळी या" असं मोठ्याने म्हणून मोकळे होतात.

शीर, सुई आणि काळानिळा हात

सुई जाड असते, खोटं कशाला बोलू. पण टोचल्याचा क्षण गेला की पुढची पाच-दहा मिनिटं हाताला फार कळत नाही. रबरी चेंडू दाबत राहायचा. टोचल्यावर हातात करंट गेल्यासारखी कळ आली, बोटांना मुंग्या आल्या किंवा दुखणं वाढतच गेलं, तर दात आवळून सहन करू नका. लगेच सांगा, सुई काढतात. शीर सापडत नसेल तर दुसरा हात पुढे करा. दोन्हीकडे जमलं नाही तर आजचा दिवस आपला नाही.

सुई काढल्यावर बहुतेक जण कापूस धरून कोपर दुमडतात. इथेच हात काळानिळा होतो. हात सरळ ठेवा, जरा वर धरा आणि कापसावर पाच मिनिटं घट्ट दाबा. दर अर्ध्या मिनिटाला उचलून 'थांबलं का' बघू नका. तरीही गाठ आली तर पहिल्या दिवशी बर्फ कापडात गुंडाळून लावा. निळा डाग हिरवा, मग पिवळा होत आठवडा-दीड आठवड्यात जातो. सूज वाढत असेल किंवा हात बधिर वाटत असेल तर मात्र रक्तकेंद्राला फोन करून दाखवायला जा.

लगेच गाडीला किक मारणं

खाटेवरून झटक्यात उठू नका. आधी बसा, पाय खाली सोडा, मग उभे राहा. त्यानंतर किमान पंधरा मिनिटं माझ्यासारख्या कोणाच्या तरी टेबलासमोर. त्या दिवशी पाणी भरपूर, पोती उचलणं नाही, जिम नाही, सिगारेट तास-दोन तास तरी नाही. शिडीवर चढायचं, ट्रक चालवायचं काम असेल तर सुट्टीच्या दिवशी रक्त द्या. भोवळ कधी कधी काही तासांनीही येते, उन्हात एसटीची वाट बघताना किंवा न्हाणीघरात.

अशक्तपणाचं म्हणाल तर रक्तातलं पाणी एक-दोन दिवसांत भरून निघतं, लाल पेशींना चार ते आठ आठवडे लागतात. म्हणून पुरुषांनी 90 दिवसांनी आणि बायकांनी 120 दिवसांनीच पुन्हा द्यायचं. प्रमाणपत्रं गोळा करण्यासाठी दोन महिन्यांतच दुसऱ्या शिबिरात जाणारे महाभाग आहेत. त्यांच्या लोहाचा साठा रिकामा होतो आणि मग "रक्तदानाने मी खचलो" असं तेच सांगत फिरतात.

"आम्ही फुकट दिलं, मग रुग्णालय पैसे का घेतं?"

हा राग मला समजतो. रक्त विकायला बंदी आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या 1996 च्या निकालानंतर 1 जानेवारी 1998 पासून पैसे घेऊन रक्त देणारे धंदेवाईक दातेही बंद झाले. जे पैसे घेतात ते पिशवी, तपासण्या, घटक वेगळे करणं आणि साठवण याचं प्रक्रिया शुल्क असतं, आणि त्याची कमाल मर्यादा सरकार ठरवतं. थॅलेसेमियासारख्या, वारंवार रक्त भरावं लागणाऱ्या आजारांच्या रुग्णांना शुल्क माफ आहे. मर्यादेपेक्षा जास्त आकारलं तर पावती मागा, ती घेऊन अन्न व औषध प्रशासनाकडे तक्रार करता येते.

एक चूक मात्र आपल्या मंडळांची. पुढाऱ्याच्या वाढदिवसाला एका दिवशी ढिगाने पिशव्या गोळा करायच्या आणि मे महिन्यात कॉलेजं बंद, शिबिरं बंद. लाल पेशी जेमतेम 35 ते 42 दिवस टिकतात, प्लेटलेट्स, म्हणजे रक्त गोठवणाऱ्या पेशी, तर पाचच दिवस. आम्ही दोन वर्षांपासून शिबिर एप्रिलअखेर घेतो. हार-तुरे कमी, घाम जास्त.

रक्तकेंद्रातून फोन आला तर तो न उचलणं

पिशवीच्या तपासणीत शंका आली तर शिबिरानंतर काही दिवसांनी "एकदा येऊन भेटा" असा फोन येऊ शकतो. लोक घाबरून नंबर ब्लॉक करतात. पहिली चाचणी चाळणीसारखी असते, निरोगी माणसाचंही कधी कधी तिच्यात अडकतं. खात्रीसाठी पुन्हा रक्त घेतात, गरज वाटल्यास पुढच्या केंद्राकडे पाठवतात. जा, एकटं जायला नको वाटलं तर विश्वासातल्या कोणाला तरी सोबत न्या, रिपोर्ट फोनवर नाही तर समोर बसून समजून घ्या. आणि तो निकाल येईपर्यंत दुसऱ्या कुठल्या शिबिरात रक्त देऊ नका.