वाळलेले सरपण विकताना या चुका टाळा

सरपण विकणाऱ्याकडे येणाऱ्या तक्रारी साधारण तीनच प्रकारच्या असतात: लाकूड ओले निघाले, लाकूड कमी भरले, किंवा लाकूड नीट जळत नाही. यांतल्या काही तक्रारी रास्त असतात आणि त्यांची भरपाई करणे हे विक्रेत्याचे कर्तव्यच आहे. मात्र बऱ्याच तक्रारींचे मूळ लाकडात नसते; गाडी भरण्यापूर्वी ज्या गोष्टी स्पष्ट बोलायला हव्या होत्या, त्या बोलल्या गेल्या नाहीत, यात असते. ओलावा किती, माप कोणते आणि माल कोणत्या अवस्थेत पोचेल, या तीन गोष्टी विक्रीआधी ठरल्या तर निम्मे वाद उद्भवतच नाहीत.

झाड तोडल्याच्या तारखेवरून लाकूड वाळले असे धरणे

ही सर्वांत मोठी आणि सर्वांत महागात पडणारी चूक आहे. "वर्षभरापूर्वी तोडलेले आहे" असे विक्रेता प्रामाणिकपणे सांगतो, आणि तरीही ग्राहकाच्या चुलीत ते लाकूड चरचरते, टोकांतून फेस सोडते आणि धुमसत राहते. लाकडातले पाणी तंतूंच्या दिशेने जितक्या वेगाने बाहेर पडते, त्याच्या तुलनेत आडव्या दिशेने ते फार सावकाश निघते. हा फरक साधारण दहा ते पंधरा पटींचा असतो. साल तर पाणी अडवण्यासाठीच असते. त्यामुळे सालीसकट पडून राहिलेला लांब, जाड ओंडका वर्षानंतरही आतून जवळजवळ ओलाच असू शकतो. वाळण्याचा काळ खऱ्या अर्थाने सुरू होतो तो ओंडका हव्या त्या लांबीला कापून, फोडून, हवेशीर थप्पी लावल्यापासून. म्हणून प्रत्येक थप्पीवर झाड तोडल्याची नव्हे, तर लाकूड फोडल्याची तारीख लिहावी आणि ग्राहकालाही तीच सांगावी.

किती महिने लागतील याचे एकच उत्तर नाही. हलक्या, सच्छिद्र लाकडाच्या बारीक फोडी चांगल्या उन्हाळ्यात काही महिन्यांत तयार होतात. घट्ट, जड लाकडाच्या जाड फोडींना एक वर्ष आणि काही जातींना दोन वर्षेही लागतात. ज्या विक्रेत्याला एकाच मुदतीत सगळे लाकूड विकायचे आहे, त्याने जड जातींच्या फोडी मुळातच बारीक कराव्यात, हे माझे स्पष्ट मत आहे.

ताज्या तोडलेल्या लाकडाच्या एकूण वजनात साधारण निम्मे पाणी असते. चांगल्या सरपणात ते 20 टक्क्यांच्या आत असावे, ही मर्यादा बहुतेक ठिकाणी मान्य झालेली आहे. इंग्लंडमध्ये तर 1 मे 2021 पासून 2 घनमीटरपेक्षा कमी प्रमाणात विकल्या जाणाऱ्या सरपणासाठी ती कायद्याने बंधनकारक आहे. या आकड्याला अर्थ का आहे, हे ग्राहकाला समजावून सांगता आले पाहिजे. 20 टक्के पाणी असलेल्या एक किलो लाकडातून सुमारे 14 मेगाज्यूल उष्णता मिळते, तर निम्मे पाणी असलेल्या एक किलोतून सुमारे 8. यातले नुकसान केवळ पाण्याची वाफ करण्यात होते असा समज आहे, पण तो पुरता खरा नाही. मोठा तोटा हा की त्या किलोत जळणारे लाकूडच कमी असते. आणि दुसरा तोटा असा की आग थंड राहिल्याने धुरातले ज्वलनशील वायू न जळताच निघून जातात, धुराड्याच्या आतल्या बाजूला गार होऊन डांबरासारखे चिकटतात आणि पुढे धुराडे पेटण्याचा धोका निर्माण करतात.

ओलावामापक चुकीच्या जागी टोचणे

दोन सुयांचे छोटे उपकरण आता अनेक विक्रेत्यांकडे असते, आणि ग्राहकही स्वतःचे घेऊन येऊ लागले आहेत. वाद इथेच पेटतो, कारण विक्रेता कापलेल्या टोकावर सुया टोचून 14 दाखवतो आणि ग्राहक घरी लाकूड फोडून 27 मोजतो. दोघांचेही आकडे खरे असतात. टोक सर्वांत आधी वाळते, गाभा सर्वांत शेवटी.

मोजण्याची योग्य रीत अशी: थप्पीच्या वरच्या, मधल्या आणि खालच्या भागातून एकेक जाडसर फोड काढावी, ती तिथल्या तिथे कुऱ्हाडीने उभी फोडावी, आणि नव्याने उघड्या पडलेल्या पृष्ठभागाच्या मध्यावर, तंतूंच्या दिशेने, सुया घट्ट रुतवून आकडा वाचावा. ताज्या फोडलेल्या भागावर हाताचा तळवा किंवा गाल टेकवला तर ओल्या लाकडाचा गारवा जाणवतो. मापकाच्या आकड्याला ही जुनी परीक्षा चांगली जोड देते. फार थंड लाकडात मापक खरा ओलावा कमी दाखवतो आणि तापलेल्या लाकडात जास्त, म्हणून उन्हात तापलेली फोड थोडी सावलीत ठेवून मग मोजावी. साधारण 30 टक्क्यांच्या पुढे अशा उपकरणाचा आकडा भरवशाचा राहत नाही. तिथे "लाकूड ओले आहे" एवढाच निष्कर्ष काढावा, 38 की 45 यावर घासाघीस करू नये.

आणखी एक गोष्ट बऱ्याच जणांच्या लक्षात येत नाही. ओलाव्याची टक्केवारी दोन पद्धतींनी काढतात. एका पद्धतीत पाण्याचे वजन ओल्या लाकडाच्या एकूण वजनाशी ताडतात, दुसऱ्या पद्धतीत ते पूर्ण कोरड्या लाकडाच्या वजनाशी ताडतात. सुयांची बहुतेक उपकरणे दुसऱ्या पद्धतीने आकडा देतात. त्यांचा 25 म्हणजे पहिल्या पद्धतीचा 20. जाहिरातीत किंवा पावतीवर आकडा लिहायचा असेल तर तो कोणत्या पद्धतीचा आहे, हे शेजारी लिहिलेच पाहिजे.

टोकांना पडलेल्या भेगा, सुटलेली साल, उतरलेला रंग आणि दोन फोडी एकमेकींवर आपटल्यावर येणारा खणखणीत आवाज ही वाळल्याची चांगली चिन्हे आहेत. पण भेगा टोकाच्या वाळण्याने पडतात, गाभ्याच्या नव्हे, म्हणून केवळ भेगांवर भिस्त ठेवू नये.

वजन आणि माप मोघम ठेवणे

वजनावर विकताना ओलाव्याचा आकडा न सांगणे म्हणजे ग्राहकाला नकळत पाणी विकणे होय. निम्मे पाणी असलेल्या एक टन लाकडात कोरडे लाकूड 500 किलो असते. 20 टक्के पाणी असलेल्या एक टनात ते 800 किलो असते. उलट बाजूने पाहिले तर, 20 टक्क्यांचे एक टन सरपण तयार करण्यासाठी विक्रेत्याला 1,600 किलो ताजे लाकूड वाळवावे लागते आणि त्यातले 600 किलो पाणी हवेत जाते. वाळलेले लाकूड महाग का, या प्रश्नाला यापेक्षा चांगले उत्तर नाही. ते संकोच न करता, आकड्यांनिशी द्यावे.

मापावर विकताना गोंधळ वेगळा होतो. गाडीत सैल टाकलेले एक घनमीटर सरपण नीट थप्पी लावल्यावर साधारण दोन-तृतीयांश घनमीटर भरते. ग्राहकाने सैल माप घेतले आणि घरी थप्पी लावून मोजले, की त्याला एक-तृतीयांश माल कमी आल्यासारखा वाटतो. तो चिडतो आणि त्याच्या जागी कोणीही चिडेल. थप्पीच्या एक घनमीटरमध्येही सगळे लाकूड नसते. सुमारे एक-तृतीयांश जागा फोडींमधल्या हवेची असते. त्याशिवाय लाकूड वाळताना आकसते, त्यामुळे ओले असताना मोजून लावलेली थप्पी वाळल्यावर थोडी खाली बसते. विक्रीचे माप नेहमी वाळल्यानंतर घ्यावे, आणि पावतीवर "सैल टाकलेले" की "थप्पी लावलेले" हे शब्द स्पष्ट असावेत. थप्पीचा मापाच्या काठीसह काढलेला एक फोटो गाडी भरण्याआधी पाठवला तर पुढची बरीच बोलाचाली वाचते.

"सगळ्यांत चांगले लाकूड कोणते?" हा प्रश्न हमखास येतो, आणि त्याला घाईने बाभूळ किंवा सुरू असे नाव सांगून मोकळे होणे चुकीचे आहे. सारख्याच वाळलेल्या लाकडांची उष्णता किलोमागे जवळपास सारखी असते. फरक पडतो तो घनमीटरमागे, कारण जड लाकूड त्याच जागेत जास्त मावते आणि निखारा जास्त वेळ धरते. त्यामुळे मापावर घेणाऱ्याला जड लाकूड फायद्याचे, वजनावर घेणाऱ्याला जातीपेक्षा ओलावा महत्त्वाचा, आणि झटपट आग हवी असणाऱ्याला हलके लाकूडच सोयीचे. भट्टीच्या किंवा शेगडीच्या तोंडाचे माप विचारायला मात्र विसरू नये; दोन बोटे लांब पडलेली फोड कितीही वाळलेली असली तरी ग्राहकाच्या उपयोगाची नसते.

पोचवल्यानंतर काय होईल, हे न सांगणे

उत्तम वाळलेले सरपण ग्राहकाने अंगणातल्या मातीवर टाकून, चारही बाजूंनी प्लास्टिक गुंडाळून ठेवले तर ते आत घुसमटते, बुरशी धरते आणि दोष विक्रेत्याच्या माथी येतो. थप्पी जमिनीपासून वर, वाशांवर किंवा फळ्यांवर असावी, वर छप्पर किंवा ताडपत्री असावी आणि बाजू उघड्या असाव्यात, ही सूचना मालासोबत लेखी द्यावी. भट्टीत वाळवलेले लाकूडही याला अपवाद नाही, कारण ते सभोवतालच्या हवेतला दमटपणा पुन्हा शोषून घेते. पावसाच्या एका सरीने भिजलेली फोड मात्र निरुपयोगी होत नाही. ते पाणी पृष्ठभागावरचे असते आणि हवेशीर जागी काही दिवसांत निघून जाते. पोचवताना पाऊस लागला तर हे ग्राहकाला त्याच वेळी सांगावे, नंतर सांगितले की ते सबबीसारखे वाटते.

माल दारात ओतून द्यायचा की थप्पी लावून द्यायची, गाडी कुठपर्यंत येऊ शकते आणि सालीचा व ढलप्यांचा चुरा किती असेल, हेही आधीच ठरवावे.

तक्रार आल्यावर फोनवरच निकाल देणे

"लाकूड जळत नाही" असा फोन आला की "आमचे लाकूड ओले नसतेच" असे म्हणून विषय संपवू नये, आणि न पाहता पैसेही परत करू नयेत. शक्यतो जाऊन पाहावे. ग्राहकाने स्वतः निवडलेल्या तीन-चार फोडी त्याच्यासमोर फोडाव्यात, मापक त्याच्याच हातात द्यावा आणि आकडे दोघांनी लिहून घ्यावेत. आकडे ठीक निघाले तर दोष बहुधा हवेच्या वाटेत असतो: धुराड्यात साचलेली काजळी, बंद राहिलेली झडप, राखेने भरलेली जाळी किंवा थंड धुराड्याखाली एकदम रचलेल्या जाड फोडी. तो शोधून दिला तर ग्राहक बहुधा तुटत नाही.

आकडे जास्त निघाले तर वाद न घालता लाकूड बदलून द्यावे, मग ते प्रमाण संपूर्ण गाडीत कितीही थोडे असो. थप्पीच्या तळातल्या मोजक्या ओल्या फोडी चुकून भरल्या गेल्या असतील, तरी ग्राहकाच्या लक्षात राहतात त्या तेवढ्याच. परत आणलेले लाकूड विक्रीच्या थप्पीत मिसळू नये. ते पुन्हा फोडून वेगळे लावावे आणि त्यावर नवी तारीख लिहावी.