हलबी लिहिणाऱ्या मूर्तिकाराचं चरित्र कसं लिहावं

कोरची-कुरखेड्याच्या पट्ट्यात, गडचिरोली जिल्हा छत्तीसगडला लागतो त्या बाजूला, अजून काही घरांत चुलीपाशी हलबी ही भाषा चालते. आमच्या गावात एक आजा आहेत. शिवणीच्या लाकडात देव कोरतात, तान्हा पोळ्याचे नंदी करतात, आणि रात्री शाळेच्या जुन्या वह्यांत हलबी गाणी-गोष्टी लिहून ठेवतात. नातवानं मराठीत विचारलं तरी उत्तर हलबीतच येतं. असा माणूस तुमच्या गावात असेल तर त्याचं चरित्र लिहायला घ्या, पुढच्या वर्षावर ढकलू नका. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. मला जे जमलं ते इथे सांगते.

पहिलं म्हणजे, ‘मुलाखत’ हा शब्द तोंडातून काढू नका. खुर्ची मांडून समोर मोबाईल ठेवला की म्हातारा माणूस पटवाऱ्यापुढे बोलावं तसा बोलतो. जन्म, शिक्षण, जमीन किती, झालं. त्यांच्या हातात वाकस, म्हणजे लाकूड तासायचं हत्यार, असेल तेव्हा जाऊन बसा. रोवणा, म्हणजे धानाची लावणी, आटोपल्यापासून पोळ्यापर्यंतचे दिवस सगळ्यात चांगले. शेतात घाई नसते, नंदीची मागणी असते, आणि माणूस दिवसभर छपरीतच असतो.

सुरुवात लाकडापासून करा. सागवान सोडून शिवणच का, असं मी विचारलं तेव्हा आजांनी दोन तुकडे मांडीवर घेतले आणि दोन्हीवर अंगठ्याच्या नखानं रेघ ओढून दाखवली. लाकूड ओलं असतानाच वाकसानं ढोबळ आकार काढायचा, मग ते सावलीत वाळू द्यायचं, आणि डोळे, कान, गळ्यातली घुंगरं शेवटी पटाशीनं, म्हणजे छिन्नीनं. उन्हात ठेवलं तर तडा जातो. हे सांगता सांगता त्यांनी नंदीचं वशिंड गोल करायला घेतलं आणि बापाची गोष्ट आपोआप निघाली: बाप कोणत्या झाडाला आधी हात जोडायचा, पहिला देव कोणासाठी घडवला, मोबदल्यात धान किती मिळालं. मी मध्ये एक शब्द बोलले नाही. तुम्हीही बोलू नका. पटाशी थांबली की लगेच पुढचा प्रश्न टाकायचा मोह होतो, तो आवरा. बहुतेक वेळा त्या थांबण्यानंतरच मोठी गोष्ट येते.

रेकॉर्डिंगला साधा मोबाईल पुरतो. फ्लाइट मोडवर टाका, दुपट्ट्याची घडी करून तिच्यावर ठेवा म्हणजे ठोक्यांचा दणका कमी येतो. टिनावर पाऊस पडत असेल तर त्या दिवशी नुसतं बसा. प्रत्येक फाईलच्या सुरुवातीला तारीख, गाव आणि कोण कोण बसलंय हे स्वतःच्या आवाजात सांगा.

आता लिहिण्याचं, आणि इथेच जास्त जीव लावायचा आहे. हलबी देवनागरीत लिहितात, म्हणून आपला मराठी हात ती सरळ करायला धावतो. ‘माझा’ला आजा ‘मोचो’ म्हणतात, तर ‘मोचो’च लिहा. या ‘चो’त मराठीचा ‘चा’ ऐकू येतो, पण ‘मला’च्या जागी ते ‘मोके’ म्हणतात, आणि तो ‘के’ पूर्वेकडचा. इंग्रजांच्या काळातल्या ग्रियर्सनच्या भारतीय भाषा-सर्वेक्षणात, 1905 च्या सातव्या खंडात, हलबी मराठीबरोबर ठेवली आहे. पुढच्या अभ्यासकांनी तिचं नातं ओडिया-छत्तीसगढीशीही जोडलं. कोणी तिला क्रिओल, म्हणजे वेगवेगळ्या भाषांच्या मिसळीतून तयार झालेली भाषा, म्हणतात, कोणाला ते मान्य नाही. तो वाद त्यांचा. आपल्याला एवढं कळावं की बस्तरच्या बाजारात आणि राजवाड्यात वेगवेगळ्या भाषांची माणसं हिच्यात बोलली, आणि 2011 च्या जनगणनेत साडेसात लाखांहून जास्त लोकांनी ती आपली म्हणून सांगितली. गावात कोणी ‘खिचडी बोली’ म्हणालं तर मला राग येतो, आणि तो राग मी झाकत नाही.

मॉरिशसमध्ये आपली मराठी माणसंही राहतात, आणि रोजच्या बोलण्यात तिथली क्रिओल वापरतात. तिलाही मोडकी फ्रेंच म्हणून हिणवायचे. देव विरासामी हा भाषाशास्त्र शिकलेला कवी-नाटककार 1960 च्या दशकापासून तिच्या बाजूनं उभा राहिला, शेक्सपिअरची नाटकं त्यानं तिच्यात आणली, आणि 2012 पासून ती तिथल्या प्राथमिक शाळांत ऐच्छिक विषय झाली. जवळचं उदाहरण हवं तर बस्तरकडच्या कोंडागावचं घ्या. तिथल्या जयदेव बघेलांनी घडवा कामाच्या, म्हणजे मेणाच्या साच्यातून ओतलेल्या, पितळी मूर्ती देशाबाहेर नेल्या. त्याच गावात हरिहर वैष्णवांनी गुरुमाय म्हणवणाऱ्या गायिका गातात तो लछमी जगार, म्हणजे लांबलचक गाथा, हलबीतच उतरवला. मूर्ती एकानं केली आणि लिहिलं दुसऱ्यानं. आमच्या आजांच्या घरात दोन्ही एकाच हाताचं आहे, म्हणून त्यांच्या वह्या मला नंदीइतक्याच मोलाच्या वाटतात.

त्या वह्या हाती आल्या की आधी प्रत्येक पानाचा फोटो काढा. खोडलेलं, मागच्या बाजूचा धानाचा हिशेब, काहीच सोडू नका. एकच शब्द दोन पानांवर दोन तऱ्हेनं लिहिलेला दिसेल. मूळ वहीत हात घालू नका. तुमच्या प्रतीत एक तऱ्हा पक्की करा आणि कोणती, ते सुरुवातीला लिहा. डाव्या पानावर हलबी, उजव्या पानावर मराठी. मराठी आपल्या झाडीच्या, म्हणजे पूर्व विदर्भातल्या, वळणाची असली तरी चालेल, पुण्याची करायची गरज नाही.

सनावळी विचारून मिळत नाही. ‘जिल्हा झाला तेव्हा तुम्ही कुठे होतात?’ असं विचारा. गडचिरोली जिल्हा 26 ऑगस्ट 1982 ला झाला. नसबंदीची धरपकड आठवते का विचारा, म्हणजे 1975-77 सापडतं. जुनी माणसं चंद्रपूरला चांदा म्हणतात, तेही तसंच राहू द्या.

लिहून झालं की पूर्ण मजकूर त्यांना मोठ्यानं वाचून दाखवा, हलबी पानं घरातल्याच कोणाकडून वाचून घ्या. आपल्या उच्चारावर ते हसतील, आणि दुरुस्त करतील ते तिथल्या तिथे पेन्सिलनं टिपा. भाऊबंदकीचं, कर्जाचं, लग्न मोडल्याचं जे काही गप्पांत आलं असेल ते ठेवायचं की काढायचं, हे त्यांनीच सांगायचं. काही गाणी ठराविक पूजेलाच म्हणतात; ती छापू नका म्हणाले तर छापू नका. पहिली छापील प्रत त्यांच्या घरी, दुसरी शाळेच्या कपाटात, आणि रेकॉर्डिंग दोन वेगवेगळ्या घरांतल्या पेनड्राइव्हवर ठेवा.