मध्य, मध्यक आणि बहुलक यांचा सराव कसा करावा

माध्यमिक शाळेतील सांख्यिकीच्या प्रकरणात विद्यार्थ्यांना येणारी पहिली अडचण बहुतेक वेळा गणिताची नसून भाषेची असते. रोजच्या बोलण्यात 'मध्य' म्हणजे मधला भाग. त्यामुळे प्रश्नात 'मध्य काढा' असे वाचले की विद्यार्थी रांगेतील मधली संख्या शोधू लागतो, आणि ती तर मध्यकाची कृती आहे. 'मध्य' आणि 'मध्यक' या दोन शब्दांत केवळ एका 'क'चा फरक असला, तरी त्यांमागील कल्पना पूर्णपणे वेगळ्या आहेत. म्हणून सरावाच्या पहिल्या दिवशी सूत्रांना हात न लावता वहीच्या पहिल्या पानावर तीन वाक्ये स्वतःच्या शब्दांत लिहावीत. मध्य म्हणजे सरासरी, अर्थात सर्व प्राप्तांकांची (दिलेल्या संख्यांची) बेरीज सर्वांना सारखी वाटली तर प्रत्येकाच्या वाट्याला येणारी संख्या. मध्यक म्हणजे प्राप्तांक चढत्या क्रमाने मांडल्यावर बरोबर मधोमध येणारी संख्या. बहुलक म्हणजे सर्वांत जास्त वेळा आलेला प्राप्तांक. ही वाक्ये पाठ करण्यापेक्षा ती लहानशा उदाहरणावर पडताळून पाहणे अधिक उपयोगाचे ठरते.

त्यासाठी ३, ८, ५, ८, ६, ४, ८, ७, ५ हे नऊ प्राप्तांक घ्यावेत. लेखणी उचलण्यापूर्वी त्यांच्याकडे नीट पाहावे आणि सरासरी साधारण किती येईल याचा अंदाज वहीच्या समासात लिहून ठेवावा. माझ्या मते संपूर्ण सरावातील सर्वांत महत्त्वाची सवय हीच आहे, कारण ज्याने अंदाज लिहिला आहे त्याला उत्तर चुकले तर ते लगेच खटकते, आणि ज्याने अंदाज केलेला नाही तो कोणतेही उत्तर निमूटपणे स्वीकारतो. आता बेरीज करावी. ती ५४ येते, ५४ ला ९ ने भागले की मध्य ६ मिळतो. चढत्या क्रमाने मांडणी केली की ३, ४, ५, ५, ६, ७, ८, ८, ८ अशी रांग तयार होते, तिच्यातील पाचवी संख्या ६ आहे, म्हणून मध्यकही ६. आठ ही संख्या तीन वेळा आली आहे, म्हणून बहुलक ८.

येथे दोन चुका हटकून होतात. पहिली म्हणजे प्राप्तांक क्रमाने न लावताच मधली संख्या उचलणे. वरील उदाहरणात दिलेल्या क्रमातील पाचवी संख्याही योगायोगाने ६ च आहे, त्यामुळे ही चूक उत्तरात दिसणार नाही. म्हणून सरावासाठी तेच प्राप्तांक उलटसुलट क्रमाने पुन्हा लिहून पाहावेत. दुसरी चूक अधिक सूक्ष्म आहे. एकूण संख्येत १ मिळवून २ ने भागले की ५ येतात आणि विद्यार्थी मध्यक ५ असे लिहून मोकळा होतो. हे ५ म्हणजे मध्यकाचे रांगेतील स्थान आहे, स्वतः मध्यक नव्हे. प्राप्तांकांची संख्या सम असेल तर मधे दोन प्राप्तांक येतात आणि त्यांची सरासरी हा मध्यक होतो, त्यामुळे दिलेल्या प्राप्तांकांत कोठेही नसलेली संख्या मध्यक म्हणून येऊ शकते.

आता याच नऊ प्राप्तांकांपैकी एका ८ च्या जागी २६ लिहावेत आणि पुन्हा गणित करण्यापूर्वी तिन्ही परिमाणांचे काय होईल ते तोंडी सांगावे. बेरीज १८ ने वाढून ७२ होते, म्हणून मध्य ६ वरून ८ वर जातो. मध्यक जागचा हलत नाही, कारण रांगेच्या टोकाला ८ आहेत की २६ आहेत याच्याशी मधल्या संख्येला काही देणेघेणे नाही. बहुलकाची गंमत वेगळीच आहे. आता ८ दोनदा आणि ५ ही दोनदा आले, म्हणून या सामग्रीला ५ आणि ८ असे दोन बहुलक आहेत. एकच संख्या बदलली आणि तिन्ही परिमाणे तीन वेगळ्या रीतीने वागली. नऊपैकी सहा प्राप्तांक नव्या मध्यापेक्षा लहान आहेत आणि फक्त एकच मोठा आहे, हेही विद्यार्थ्याने मोजून पाहावे, म्हणजे 'निम्मे प्राप्तांक सरासरीच्या वर असतात' हा गैरसमज कायमचा निघून जातो. एखादा प्राप्तांक इतरांपासून फार दूर असेल तर सामग्रीचे प्रतिनिधित्व मध्यापेक्षा मध्यक का चांगले करतो, याचे वेगळे स्पष्टीकरण मग द्यावे लागत नाही.

याच सामग्रीवर आणखी थोडे खेळावे. मूळ नऊ प्राप्तांकांत प्रत्येकी ४ मिळवले तर तिन्ही परिमाणे ४ ने वाढतात. प्रत्येकाला २ ने गुणले तर तिन्ही दुप्पट होतात. प्रत्येक प्राप्तांकातून मध्य वजा करावा. उणे ३, उणे २, उणे १, उणे १, ०, १, २, २, २ अशी विचलने मिळतात आणि त्यांची बेरीज शून्य येते. ही बेरीज कोणत्याही सामग्रीत शून्यच येते, आणि पुढे गृहीतमध्य पद्धत, म्हणजे सोयीची एक संख्या मध्य मानून नंतर दुरुस्ती करण्याची रीत, शिकताना याच गुणधर्माचा आधार मिळतो. ज्यांना अधिक खोलात जायचे आहे त्यांनी २६ असलेल्या सामग्रीत चिन्हे सोडून केवळ अंतरांची बेरीज करावी. मध्यकापासूनची, म्हणजे ६ पासूनची, अंतरे मिळून ३२ होतात, तर मध्यापासूनची, म्हणजे ८ पासूनची, ३६ होतात. अशी बेरीज मध्यकापासून नेहमीच सर्वांत कमी असते.

वारंवारता सारणीकडे, म्हणजे कोणता प्राप्तांक किती वेळा आला हे दाखवणाऱ्या तक्त्याकडे, वळल्यावर मात्र सावकाश जावे, कारण तेथे एकाच ओळीत दोन संख्या शेजारी शेजारी बसतात आणि गोंधळाला वाव मिळतो. समजा ३० जणांनी एक चाचणी दिली आणि त्यांच्या चुकांची संख्या नोंदवली. शून्य चुका ५ जणांच्या, एक चूक ९ जणांची, दोन चुका ६ जणांच्या, तीन चुका ४ जणांच्या, चार चुका ३ जणांच्या आणि पाच चुका ३ जणांच्या. ही सारणी समोर आली की आधी ती उलगडून लिहावी, म्हणजे पाच वेळा ०, नऊ वेळा १, सहा वेळा २ असे तीसही प्राप्तांक एकदा तरी रांगेत मांडावेत. हे काम कंटाळवाणे वाटेल, पण ते एकदा हाताने केले की गुणाकार का करायचा आणि भागायचे कशाने हे दोन्ही प्रश्न सुटतात. चुकांची एकूण संख्या ० + ९ + १२ + १२ + १२ + १५, म्हणजे ६०, आणि प्राप्तांक ३०, म्हणून मध्य २. ज्याने सारणीच्या सहा ओळी मोजून ६० ला ६ ने भागले त्याचे उत्तर १० येते. सर्वांत जास्त चुका पाच असताना सरासरी १० कशी असेल, हा प्रश्न त्याने स्वतःला विचारला की चूक तेथेच पकडली जाते. मध्य कधीही सर्वांत लहान प्राप्तांकापेक्षा लहान किंवा सर्वांत मोठ्या प्राप्तांकापेक्षा मोठा असू शकत नाही, ही तपासणी प्रत्येक उदाहरणाखाली करावी. मध्यकासाठी पंधरावा आणि सोळावा प्राप्तांक पाहिजे. संचित वारंवारता, म्हणजे तोपर्यंतच्या वारंवारतांची बेरीज, ५, १४, २० अशी वाढते, म्हणून दोन्ही प्राप्तांक २ आहेत आणि मध्यक २. बहुलक १ आहे, ९ नव्हे. ९ ही त्याची वारंवारता आहे.

वर्गीकृत सामग्रीत सूत्रे येतात आणि येथेच बहुतेकांचा सराव केवळ पाठांतरावर थांबतो. एक सारणी घेऊ. ० ते १०, १० ते २०, याप्रमाणे ५० ते ६० पर्यंत सहा वर्ग आहेत आणि त्यांच्या वारंवारता अनुक्रमे ४, ८, १५, १२, ७, ४ आहेत, एकूण ५०. मध्यासाठी प्रत्येक वर्गातील सर्व प्राप्तांक वर्गमध्यावरच (वर्गाच्या मधल्या संख्येवरच) आहेत असे आपण मानतो, म्हणून येणारे उत्तर अंदाजे असते, हे विसरू नये. गृहीतमध्य २५ घेतला आणि विचलनांना वर्गांतराने, म्हणजे १० ने, भागले की उणे २, उणे १, ०, १, २, ३ या संख्या मिळतात. वारंवारतांशी गुणून त्यांची बेरीज २२ येते. २२ भागिले ५० गुणिले १० म्हणजे ४.४, आणि २५ मध्ये ४.४ मिळवले की मध्य २९.४. आता तेच उदाहरण ३५ हा गृहीतमध्य धरून करावे. बेरीज उणे २८ येते, दुरुस्ती उणे ५.६ आणि उत्तर पुन्हा २९.४. गृहीतमध्य कोणताही घेतला तरी उत्तर बदलत नाही, हे स्वतः पाहिल्यावर 'कोणती संख्या गृहीत धरू' ही भीती उरत नाही.

मध्यकाचे सूत्र पाठ करण्याऐवजी ते चालत जाऊन समजून घ्यावे. पन्नासाचे निम्मे २५. पहिल्या दोन वर्गांत मिळून १२ प्राप्तांक संपले, म्हणजे पुढच्या २० ते ३० या वर्गात अजून १३ प्राप्तांक चालायचे आहेत. त्या वर्गात एकूण १५ आहेत आणि ते १० एककांच्या रुंदीवर सारखे पसरले आहेत असे मानले, तर आपल्याला त्या रुंदीचा १३ छेद १५ इतका भाग ओलांडावा लागेल. १० चा तेवढा भाग सुमारे ८.६७, म्हणून मध्यक सुमारे २८.६७. सूत्रातील प्रत्येक अक्षर या चालण्यातील एकेका पायरीचे नाव आहे. आधीच्या वर्गाची संचित वारंवारता घ्यायची की मध्यक वर्गाची, असा प्रश्न मग पडतच नाही, कारण जे प्राप्तांक मागे टाकले तेच वजा करायचे असतात. बहुलकाचेही तसेच. सर्वाधिक वारंवारता १५ ही २० ते ३० या वर्गाची आहे. तिच्या डावीकडे ८ आणि उजवीकडे १२ आहेत, म्हणजे उजवा शेजारी अधिक भरलेला आहे, म्हणून बहुलक वर्गमध्य २५ च्या उजवीकडे सरकणार, हे गणितापूर्वीच सांगता येते. फरक ७ आणि ३, त्यांची बेरीज १०, म्हणून रुंदीचा ७ छेद १० भाग, म्हणजे ७, आणि बहुलक २७. आयतालेख (प्रत्येक वर्गाच्या वारंवारतेइतका उंच आयत असलेला आलेख) काढून सर्वांत उंच आयताच्या वरच्या कोपऱ्यांपासून शेजारच्या आयतांच्या कोपऱ्यांपर्यंत तिरके रेषाखंड काढले, तर ते जेथे छेदतात तेथून आडव्या अक्षावर टाकलेला लंब हेच २७ दाखवतो.

एक पडताळणी येथे हाताशी ठेवावी. एका बाजूला फार न झुकलेल्या सामग्रीत मध्यकाची तिप्पट वजा मध्याची दुप्पट ही संख्या बहुलकाच्या जवळपास येते. हा अनुभवसिद्ध संबंध संख्याशास्त्रज्ञ कार्ल पिअरसन यांच्या नावाने ओळखला जातो आणि बहुलकासाठीची 'मोड' ही इंग्रजी संज्ञाही त्यांनीच १८९५ मध्ये वापरात आणली. आपल्या उदाहरणात ८६ वजा ५८.८ म्हणजे २७.२, जे २७ च्या अगदी जवळ आहे. हा नियम नसून अंदाज आहे, म्हणून त्यावरून उत्तर काढू नये, केवळ फार मोठी चूक झाली नाही ना एवढेच पाहावे. वर्ग १ ते १०, ११ ते २० असे तुटक असतील, तर मध्यक आणि बहुलक काढण्यापूर्वी ते ०.५ ते १०.५, १०.५ ते २०.५ असे सलग करून घ्यावेत.

सूत्रे हातात बसली की उलट दिशेचे प्रश्न सुरू करावेत, कारण खरी समज तेथे कसाला लागते. मध्य ६, मध्यक ५ आणि बहुलक ४ असलेल्या पाच पूर्ण संख्या शोधा, असा प्रश्न स्वतःला घालावा. बेरीज ३० हवी, मधली संख्या ५ हवी आणि तिच्या आधी दोनदा ४ हवेत. उरलेल्या दोन संख्यांची बेरीज १७ येते आणि त्या ५ पेक्षा मोठ्या असायला हव्यात, नाहीतर ५ ही दोनदा येईल. म्हणून ६ आणि ११, ७ आणि १०, ८ आणि ९ अशी तीनच उत्तरे आहेत. त्यानंतर मध्य ४ आणि मध्यक ७ असलेल्या तीन धन संख्या शोधायला सांगावे. बेरीज १२ हवी, पण मधली संख्या ७ आणि तिसरी किमान ७ म्हणजे तेथेच १४ झाले, म्हणून असे उदाहरण अस्तित्वातच नाही. 'असे होऊ शकत नाही, कारण' असे वाक्य विद्यार्थ्याने पूर्ण लिहिले, तर ते दहा सोडवलेल्या सारण्यांच्या तोडीचे मानावे. २० संख्यांचा मध्य ३५ आला, पण ४६ च्या जागी ६४ वाचले गेले होते, असा प्रश्नही घ्यावा. सर्व बेरीज पुन्हा मांडण्याची गरज नाही. १८ ची चूक २० जणांत वाटली की ०.९, म्हणून खरा मध्य ३४.१.

शेवटी दोन गट एकत्र करून पाहावेत. ३० जणांच्या गटाचा मध्य ६२ आणि २० जणांच्या गटाचा ७२ असेल, तर एकत्रित मध्य ६७ नसून १८६० अधिक १४४० भागिले ५०, म्हणजे ६६ आहे, कारण मोठा गट आपल्याकडे अधिक ओढतो. मध्यकाच्या बाबतीत मात्र एवढ्या माहितीवर नेमके उत्तर सांगता येत नाही. १, २, ९ आणि ३, ४, ५ या गटांचे मध्यक २ आणि ४ आहेत आणि एकत्र केल्यावर मध्यक ३.५ येतो, २, २, २ आणि ४, ४, ४ या गटांचेही मध्यक २ आणि ४ च आहेत, पण तेथे एकत्रित मध्यक ३ येतो. मध्यक हवा असेल तर मूळ प्राप्तांक पुन्हा रांगेत लावावेच लागतात.