शेंगदाण्याशिवाय माफे रस्सा : या चुका टाळा

माली-सेनेगलकडचा माफे हा रस्सा वऱ्हाडी तोंडाला पहिल्याच घासात पटतो. कांदा, टमाटर, रताळं, पत्ताकोबी, मिरची आणि या सगळ्याला अंग देणारी भाजलेल्या शेंगदाण्याची पेस्ट. रस्सा मंद आचेवर मुरत आला की वर लाल तेल सुटतं, आणि ती तर्री दिसली की तो झाला असं तिकडेही समजतात. शेंगदाणा मूळचा दक्षिण अमेरिकेतला. पश्चिम आफ्रिकेत तो सोळाव्या शतकापासून पोचला आणि तिथल्या रश्शाचा आधार झाला. घरात एखाद्या लेकराला त्याचीच ॲलर्जी असेल, तर हा आधार बदलूनही रस्सा उत्तम होतो. मात्र दोन ठिकाणी काम बिघडतं. दाणा आपल्या स्वयंपाकघरात न दिसता शिरतो, आणि बदली पेस्ट शेंगदाण्यासारखी वागत नाही.

पाच जणांसाठी प्रमाण असं: सोललेल्या सूर्यफुलाच्या बिया 120 ग्रॅम, मध्यम कांदे 2, पिकलेले टमाटर 350 ग्रॅम, रताळं 300 ग्रॅम, कोहळं (लाल भोपळा) 200 ग्रॅम, गाजरं 2, पाव गड्डा पत्ताकोबी, लसणाच्या 6 पाकळ्या, बोटाच्या पेराएवढं अद्रक, तेल 4 मोठे चमचे, गरम पाणी 800 मिली, मीठ सुरुवातीला दीड छोटा चमचा.

शेंगदाण्याऐवजी काजू घालणं

सगळ्यात जास्त होणारी आणि सगळ्यात धोक्याची चूक हीच. शेंगदाणा हे कडधान्य आणि काजू झाडाचं फळ, म्हणून काजू चालेल असं वाटतं. पण शेंगदाण्याची ॲलर्जी असलेल्या काही मुलांना काजू, अक्रोड, बदामाचीही असते, आणि काजूची ॲलर्जी बऱ्याचदा तीव्र असते. तिळाचंही तसंच आहे. सोयाबीन आपल्या शेतातलं असलं तरी तेही ॲलर्जी आणणाऱ्या मुख्य पदार्थांत येतं, शिवाय त्याच्या पिठाचा कच्चट वास रश्शातून जात नाही.

सूर्यफुलाच्या बिया चवीला आणि तेलाच्या अंगाने शेंगदाण्याच्या सगळ्यात जवळ जातात. घरच्या कोहळ्याच्या वाळवून सोललेल्या बियाही चालतात. रस्सा थोडा हिरवट-तपकिरी होतो, पण घरचं बी दुकानातल्या दाणे-काजूच्या मापाला लागलेलं नसतं, हा मोठा फायदा. टरफलासकट वाटू नका, रस्सा दाताखाली कचकचतो. लेकराने हे बी आधी कधी खाल्लं नसेल तर डॉक्टरांना विचारूनच द्या. पहिल्यांदा थोडंच द्या, आणि दिवसा द्या, जेव्हा गाडी आणि दवाखाना दोन्ही हाताशी असतात.

बरबटी (चवळी) मुळात आफ्रिकेतलीच आणि या रश्शात छान लागते. पण तीही शेंगवर्गातली. मूल आधीपासून बरबटी बिनत्रास खात असेल तरच घाला. मेथीदाणाही शेंगवर्गातलाच आहे, आणि शेंगदाण्याची ॲलर्जी असलेल्या काहींना तो त्रास देतो. या रश्शाला त्याची गरजच नाही.

दाणा काढला, तेल तेच ठेवलं

घाण्याच्या फल्ली तेलात शेंगदाण्याची प्रथिनं उरतात आणि ॲलर्जी प्रथिनांचीच असते. म्हणून हे तेल पूर्ण बंद. इथे अनेक घरं करडईच्या घाण्याच्या तेलाकडे वळतात आणि फसतात. गावच्या घाण्यावर फल्ली, तीळ, जवस, करडई असं सगळं एकामागून एक गाळलं जातं आणि आधीची पेंड लाकडाला, लोखंडाला चिकटून राहते. या रश्शासाठी सीलबंद रिफाइंड सूर्यफूल तेल घ्या. लेबल मात्र वाचा, कारण काही पिशव्यांत दोन तेलांचं मिश्रण असतं. भजी तळून उरलेलं तेल नको.

बियांचंही असंच. अमरावती, नागपूरच्या सुकामेव्याच्या दुकानात सुट्या बिया ज्या मापाने काढतात, त्याच मापाने दाणे आणि काजू काढलेले असतात. सीलबंद पुडा घ्या. भारतात 2020 च्या लेबलिंग नियमांनुसार शेंगदाणा, सुकामेवा, सोयाबीन, दूध, अंडं, मासे आणि ग्लूटेन असलेली धान्यं पाकिटावर जाहीर करावी लागतात. तीळ आणि मोहरी त्या यादीत नाहीत. तिळाची ॲलर्जी असेल तर घटकांची पूर्ण यादी वाचल्याशिवाय पुडा घरात आणू नका.

तयार मसाल्यात दाण्याचा कूट, खसखस, तीळ असू शकतो, आणि सुटा असेल तर कळायला मार्ग नाही. सावजी किंवा काळा मसाला इथे चवीलाही नकोच, कारण बियांची सौम्य चव त्याखाली दबून जाते. तिकडे या रश्शाला मसाला कमीच असतो. अद्रक, लसण, मिरे, तेजपान पुरे. गव्हाची ॲलर्जी असेल तर हिंगही टाळा. बाजारातल्या बहुतेक हिंगात गव्हाचं पीठ किंवा मैदा मिसळलेला असतो.

भांडी

मिक्सरच्या जाराखालची रबरी कडी काढून पाहा. महिन्याभराचा कूट तिथे बसलेला सापडेल. कडी, पाते, झाकण वेगळं काढून गरम पाणी आणि साबणाने घासा. जमल्यास एक छोटा जार फक्त याच कामाला ठेवा. पाटा-वरवंटा आणि लाकडी पळी मात्र वापरू नका, त्यांच्या खळग्यांतून कूट पूर्ण निघत नाही. दाणे भाजायची लोखंडी कढईही नको. हातही साबण-पाण्यानेच धुवा. सॅनिटायझर जंतू मारतो, दाण्याचं प्रथिन तो काढत नाही.

भाजल्याने किंवा उकडल्याने ॲलर्जी मरते हा समज गावोगावी ऐकू येतो. भाजल्याने उलट शेंगदाण्याची ताकद वाढते, आणि उकडल्याने थोडी कमी झाली तरी जात नाही.

पेस्ट कडू, कचकचीत किंवा गुठळ्यांची होणं

बी शेंगदाण्यापेक्षा लहान, म्हणून जळतं लवकर. मंद आचेवर 6 ते 7 मिनिटं, सतत सराट्याने हलवत, फिकट सोनेरी होईपर्यंत भाजा आणि लगेच ताटात काढा. कढईत ठेवलं तर आच बंद केल्यावरही ते काळपटत राहतं. जळलेल्या बियांचा कडूपणा गुळाने झाकला जात नाही. त्या फेका आणि नव्याने भाजा, सगळा रस्सा घालवण्यापेक्षा ते स्वस्त.

पूर्ण थंड झाल्यावर थांबत थांबत वाटा. आधी भुगा, मग गोळा, मग तेल सुटतं. घरच्या मिक्सरवर तेल सुटेपर्यंत पोचणं कठीण जातं आणि मोटर तापते. भुगा झाला की त्यात अर्धी वाटी गरम पाणी घालून अर्धा तास ठेवा आणि पुन्हा वाटा, मऊ होतो.

ही पेस्ट उकळत्या गंजात सरळ टाकली की बाहेरचा थर लगेच शिजून घट्ट होतो, आत कोरडं राहतं आणि गुठळ्या होतात. एका वाटीत पेस्टवर डावभर गरम रस्सा घालून ढवळा, आणखी दोन डाव घाला, ताकाइतकी पातळ झाली की गंजात ओता.

टमाटर कच्चा राहणं

कांदा गुलाबी झाला, अद्रक-लसण परतलं, की बारीक चिरलेला टमाटर घालून 12 ते 15 मिनिटं परता. कडेला तेल दिसलं पाहिजे आणि रंग गडद झाला पाहिजे. हे घाईत केलं तर शेवटी आंबटपणा येतो. मग लोक पेस्ट वाढवतात आणि रस्सा लापशीसारखा होतो. आंबट झालाच तर रताळ्याच्या दोन फोडी रश्शात कुस्करा, बोटभर गूळ घाला.

सोडा घालू नका, बरबटी लवकर शिजावी म्हणूनही नाही. सूर्यफुलाच्या बियांतलं क्लोरोजेनिक आम्ल सोड्याशी मिळालं की रस्सा हिरवट पडतो. खायला धोका नाही, पण ताटातलं कुणी हात लावत नाही.

कुकरमध्ये लावणं

पेस्ट घातल्यावर कुकर नको. बियांचं पीठ तळाला बसून जळतं आणि शिट्टीचं छिद्र बुजू शकतं. गावरान कोंबडी घालायची असेल तर ती आधी वेगळी कुकरमध्ये मऊ करून घ्या आणि तेच पाणी रश्शाला वापरा. ब्रॉयलर असेल तर सरळ गंजात शिजते.

गाजर आणि पत्ताकोबी आधी, 10 मिनिटांनी पेस्ट, त्यानंतर रताळं आणि कोहळं. रताळं आधी टाकलं तर त्याचा गोळा होतो. यापुढे 20 ते 25 मिनिटं मंद आच, झाकण अर्धवट, आणि दर 3-4 मिनिटांनी तळ खरवडून ढवळणं. चुलीवर असेल तर लाकडं मागे ओढा आणि निखाऱ्यावर शिजू द्या. तळ लागलाच तर खरवडू नका. वरचा रस्सा दुसऱ्या गंजात ओता, जळका वास तिथेच राहील.

मिरची चिरू नका. तिकडे मिरची अख्खी सोडतात, म्हणजे वास रश्शात उतरतो आणि तिखटपणा मिरचीतच राहतो. भिवापुरी सुकी मिरची देठासकट, न फोडता टाका. मोठ्यांनी आपल्या ताटात ती कुस्करून घ्यावी. वरून सांभार, म्हणजे कोथिंबीर.

वाढताना

सगळी काळजी घेऊन शेवटी दाण्याच्या चटणीचा चमचा रश्शात बुडतो आणि केलेलं पाण्यात जातं. लेकराचं ताट आधी वाढा, वेगळ्या पळीने. दाण्याची चटणी त्या जेवणाला पाटावर आणूच नका. भात किंवा ज्वारीची भाकर दोन्ही चालतात. गव्हाची ॲलर्जी असेल तर ज्वारी चक्कीवर गव्हामागून दळलेली नको.

जेवताना किंवा नंतर ओठ-डोळे सुजले, अंगावर गांधी उठल्या आणि सोबत श्वास घरघरला, आवाज बसला, वारंवार उलटी झाली किंवा मूल गळून पडलं, तर लगेच 108 लावा. मुलाला आडवं झोपवा, पाय उंच करा. श्वास लागत असेल तर टेकून बसू द्या. चालवत नेऊ नका. यावर पहिलं औषध ॲड्रेनालिनचं इंजेक्शन आहे, आणि खाजेची गोळी त्याची जागा घेत नाही. बरं वाटलं तरी दवाखान्यातून लगेच घरी आणू नका, काही तासांनी त्रास पुन्हा उलटू शकतो.

उरलेला रस्सा थंड झाला की घट्ट होतो. गरम करताना अर्धी वाटी पाणी घालून मंद आचेवर सैल करा. उन्हाळ्यात वीज जात असेल तर दुसऱ्या वेळेपर्यंत ठेवू नका, बियांचं वाटण लवकर आंबतं.