कुशीवर वळताच खोली गरगरते: उजव्या कानाची एप्ली क्रिया

उजव्या कुशीला वळलं की खोली गरगरायची, अर्ध्या मिनिटात थांबायची. चक्करेच्या गोळ्या, मानेचा पट्टा, पित्ताचं औषध, सगळं वाया, वैताग नुसता. दोष आतल्या कानातल्या कॅल्शियमच्या कणांचा. ते अर्धवर्तुळाकार नलिकेत घरंगळतात, गोळीने बाहेर येत नाहीत.

डोकं ठराविक क्रमाने वळवून ते नलिकेबाहेर काढायचे, हीच एप्ली क्रिया. दोष उजव्या कानातच आहे हे डॉक्टरांकडून पक्कं केल्यावर: आडवं होताना उशी खांद्यांखाली येईल अशी ठेवून पलंगावर बसा. मान उजवीकडे ४५ अंश. तशीच झटकन उताणे पडा, डोकं किंचित मागे झुकलेलं. ३० सेकंद किंवा गरगर थांबेपर्यंत. डोकं न उचलता ९० अंश डावीकडे, ३० सेकंद. मग अख्खं अंग डाव्या कुशीवर, नाक जमिनीकडे, पुन्हा ३०. हनुवटी खाली ठेवूनच डाव्या बाजूने उठा.

मध्येच डोकं उचललं तर कण मागे फिरू शकतात. बोलणं अडखळत असेल किंवा एकाचे दोन दिसत असतील तर थेट रुग्णालय.